चोर्ला घाट ‘असेटो कोर्सा’त: रस्ता गुळगुळीत करण्याच्या नोंदी

८ जून

बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत गोव्याला उतरणारा चोर्ल्याचा रस्ता ‘असेटो कोर्सा’ या गाड्यांच्या शर्यतीच्या कॉम्प्युटर गेममध्ये चालवता यावा, हे काम हातात घेतलंय. अख्खा रस्ता नाही, घाटमाथ्यापासून पुढचा ६ किलोमीटरचा तुकडा. आमच्याकडच्या पोरांना गेममधले जर्मनीचे नि जपानचे रस्ते तोंडपाठ आहेत, आणि ज्या रस्त्यानं घरचे सगळे वर्षानुवर्षं गोव्याला जात आलेत तो मात्र त्यात नाही. तो असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

साधनं: ब्लेंडर हे थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, त्यात नकाशे नि उंच्या आणणारं ब्लेंडरजीआयएस हे ॲड-ऑन, आणि मॉडेल गेमसाठी तयार करणारा, गेमसोबतच येणारा केएस एडिटर. तिन्हींना वेगळा पैसा लागत नाही. गेम सेलमध्ये घेतलेला. कॉम्प्युटरमध्ये ८ जीबी रॅम होती, तेवढीच आणखी टाकली. मोठा खर्च तो एकच. दिवसा उद्यमबागेत सीएनसीचे प्रोग्रॅम लिहितो, त्यामुळे हे काम रात्री जेवणानंतर आणि सुट्टीच्या दिवशी.

झाडं, दगड, पाट्या, चहाच्या टपऱ्या हे सगळं शेवटी. आधी रस्ता. चाकाखाली रस्ता नीट लागला नाही तर बाकीच्या सजावटीला अर्थ नाही.

१५ जून

जमिनीच्या उंचीचा डेटा आणला. सगळे घेतात तोच, एसआरटीएम. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानानं ११ दिवस पृथ्वीभोवती फिरत रडारनं मोजलेला. डोंगर ओळखू आले, दऱ्या जागच्या जागी दिसल्या. रस्ता त्यावर टाकायच्या आधी मात्र आकडे नीट बघा.

या डेटात साधारण दर ३० मीटरला एक उंची असते आणि ती पूर्ण मीटरमध्येच लिहिलेली असते. समजा रस्त्याला एकसारखा २ टक्के चढ आहे. म्हणजे ३० मीटरमागे ६० सेंटिमीटर. खऱ्या उंच्या ०, ०.६, १.२, १.८, २.४, ३.० अशा हव्यात. डेटात त्या ०, १, १, २, २, ३ होतात. आता उतार काढून बघा: पहिले ३० मीटर ३.३ टक्के, पुढचे ३० मीटर शून्य, परत ३.३, परत शून्य. प्रत्यक्षात सरळ चढणारा रस्ता गेममध्ये पायऱ्यांचा होतो. डोंगराच्या चित्रात हे कळत नाही. गाडी चालवली की लगेच कळतं.

दुसरी अडचण आमच्या भागाची खास. कणकुंबीच्या पुढं जंगल गर्द आहे. रडारची लाट सगळीच जमिनीपर्यंत पोचत नाही, बरीचशी झाडांच्या शेंड्यांतूनच परत फिरते. त्यामुळे झाडीतला रस्ता कुठे कुठे काही मीटर वर उचललेला दिसतो, आणि उघड्या माळावर आला की खाली बसतो.

कोपर्निकस या युरोपच्या उपग्रह कार्यक्रमाचा ३० मीटरचा डेटाही बघितला. त्यात उंच्या दशांशात आहेत, पायऱ्या गेल्या. झाडं मात्र त्यातही आहेत. दूरच्या डोंगरासाठी तोच ठेवला.

२२ जून

सोपा मार्ग करून बघितला: रस्त्याची पट्टी आखली आणि श्रिंकरॅप मॉडिफायरनं जमिनीवर चिकटवली. चिकटली छान. जमिनीतला एकूण एक खड्डा-उंचवटा रस्त्यात उतरला. आबार्थ ५०० घेऊन ताशी ६० नं निघालो तर स्टिअरिंग हातात थरथरत राहिलं.

मग त्यावर स्मूद मॉडिफायर. याच्या नादाला कुणी लागू नका. दणके गेले नाहीत, नुसते रुंद झाले. आधी ठक्ठक् होती, आता होडीत बसल्यासारखा झोल. वर हा मॉडिफायर प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतो, म्हणून वळणावर रस्ता आतल्या बाजूला सरकला आणि ७ मीटरची रुंदी तीव्र वळणावर साडेसहाच्या खाली आली. आकडा वाढवत गेलो तसं वळण कापलं गेलं, दणका राहिलाच. यात आठवडाभराच्या रात्री गेल्या.

२५ जून

लाइट नाही. काम नाही.

२९ जून

या प्रकल्पात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट आज कळली, म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या शेजारच्या फौंड्रीत लाकडी पॅटर्न करणारे एक काका आहेत. मोठं वळण आखायचं असलं की ते फळीवर मोजके खिळे मारतात आणि त्यांना टेकवून सागाची पातळ पट्टी वाकवतात. पट्टी वाकते तीच रेघ. मोबाइलवर त्यांना माझा रस्ता बाजूनं दाखवला. ते म्हणाले, “किती खिळे मारलायस रे? निम्म्याच्या वर काढून टाक बघू. पट्टीला तिच्या मनानं वळू दे की.”

ब्लेंडरमधला बेझिए कर्व्ह म्हणजे तीच पट्टी. मी दर ३० मीटरला एक बिंदू ठेवला होता, कारण डेटा तसा होता. प्रत्येक बिंदूची उंची थोडी थोडी चुकलेली, आणि प्रत्येक बिंदू कर्व्हला आपल्याकडे खेचतोय. बिंदू काढले. आता उंचीसाठी ८० ते १२० मीटरला एकच, तोही जिथे उतार खरोखर बदलतो तिथे: चढ संपतो ती जागा, ओढ्यावरच्या मोरीची जागा, खिंड. बाकी कर्व्हवर सोडलं. बिंदूपाशी कर्व्हची दिशा ठरवणारी हँडल ऑटोमॅटिक, हातानं फिरवायची फ्री हँडल कुठेही नाही, कारण तिथे हात जरा हलला की कोपरा पडतो.

मग तपासणी. डोळ्यांनी गुळगुळीत दिसणाऱ्या रस्त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कर्व्हवरून दर १० मीटरची उंची काढून कॅल्कच्या शीटमध्ये टाकली आणि चार रकाने केले: अंतर, उंची, उतार, आणि मागच्या ओळीपेक्षा उतार किती बदलला. कामाचा रकाना शेवटचा. उंची कितीही असो, उतार कितीही असो, गाडीला दणका बसतो तो उतार बदलताना. त्या रकान्यात ०.३, ०.४, ०.५, ०.४, ०.२ असं चढत-उतरत गेलं तर रस्ता गुळगुळीत. ०.६, उणे ०.५, ०.७ असं चिन्ह उलटंपालटं होत असेल तर तिथे दणका आहेच, गाडी न चालवता सांगतो.

मी स्वतःला घातलेली मर्यादा अशी: १० मीटरमध्ये उतार १ टक्क्यापेक्षा जास्त बदलायचा नाही. म्हणजे उभ्या वळणाची (चढ-उताराच्या गोलाईची) त्रिज्या १००० मीटरच्या खाली जात नाही. खऱ्या घाटात काही ठिकाणी याहून तीव्र असेल, पण सुरुवात इथून करावी.

झाडांमुळे फुगलेल्या उंच्या ओळखायलाही हाच तक्ता. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत डोंगरी रस्त्याचा नेहमीचा चढ ५ ते ६ टक्के धरतात, अगदी नाइलाजाच्या जागी ७ ते ८. माझ्या शीटमध्ये दोन ठिकाणी ११ आणि १३ टक्के आले. ते झाडांचे शेंडे. ते बिंदू सरळ उडवले.

६ जुलै

कर्व्हवर मेश, म्हणजे त्रिकोण-चौकोनांची जाळी, घातली; गेममध्ये चाक चालतं ते हिच्यावर. गाडी परत ठक्ठक् करायला लागली, पण यावेळी एका लयीत. वळणावर जास्त, सरळ भागात नाही. हे निराळं दुखणं आहे.

कर्व्ह गोल असतो, मेश तुकड्यांची. तुकडा ५ मीटरचा धरा, उभ्या वळणाची त्रिज्या ५०० मीटर. प्रत्येक सांध्यावर उतार एका झटक्यात १ टक्का बदलतो. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. त्या वेगात प्रत्येक सांध्यावर चाकाला सेकंदाला २५ सेंटिमीटर इतका उभा धक्का, आणि असे सेकंदाला पाच. तुकडा १ मीटरचा केला की धक्का सेकंदाला पाच सेंटिमीटरवर येतो आणि टायर-सस्पेन्शन तो गिळतात. याहून फार बारीक जाण्यात हशील नाही. गेमचं भौतिकशास्त्र सेकंदाला ३३३ वेळा हिशेब करतं. ताशी ९० ला दोन हिशेबांच्या मधे गाडी साडेसात सेंटिमीटर पुढं गेलेली असते.

शेड स्मूद केल्यावर रस्ता पडद्यावर एकदम मऊ दिसतो. तो फक्त उजेडाचा हिशेब आहे. चाक खालच्या खऱ्या त्रिकोणावरून जातं, त्याला शेड स्मूद माहीत नाही.

ब्लेंडरची एक खोड इथे लक्षात ठेवा. कर्व्हचं रिझोल्यूशन मीटरमागे नसतं, दोन बिंदूंमधल्या भागाला असतं. बिंदू १२० मीटरवर असोत की २० मीटरवर, तुकडे तेवढेच पडतात. बिंदू कमी केल्यामुळे माझे तुकडे लांब झाले होते. जिओमेट्री नोड्समधला ‘रिसॅम्पल कर्व्ह’ घेऊन लांबी १ मीटर दिली, सगळीकडे एकसारखे तुकडे पडले, लय गेली.

आडव्या दिशेनं ८ पट्ट्या, म्हणजे ९ बिंदू. ६ किलोमीटरला साधारण ५४ हजार बिंदू होतात. हा आकडा पुढं लागणार आहे.

१३ जुलै

निपाणीचा मावसभाऊ आला होता. त्याच्याकडे फोर्स फीडबॅकचं, म्हणजे रस्त्याचे दणके हाताला देणारं, व्हील आहे, ते घेऊन आला. त्यानं टाटूस एफए०१ काढली. ही फॉर्म्युला गाडी कडक सस्पेन्शनची. आबार्थमध्ये जे लपतं ते हिच्यात उघडं पडतं. सरळ भाग बरा गेला. वळणात शिरताना मात्र तो म्हणाला, “दादा, डावीकडं वळताना गाडी उडी मारायलीय, उजवीकडं नाही.”

शीटमध्ये तिथे काहीच नव्हतं, कारण शीट मधल्या रेघेची आहे. दोष कडेला होता. वळणात शिरताना बाहेरची कड उचलावी लागते, आणि मी ती सपाटापासून १० टक्क्यांपर्यंत २५ मीटरमध्ये उचलली होती. हा भाग पिळलेला असतो. पिळलेला चौकोन सपाट राहू शकत नाही, तो कर्णावर मोडून दोन त्रिकोण होतात. सुरुवातीच्या मेशमध्ये चौकोन ७ मीटर रुंद, ५ मीटर लांब होता. त्यात एक कोपरा १४ सेंटिमीटर वर. मोड एका कर्णावर पडली तर मधोमध उंची ७ सेंटिमीटर, दुसऱ्या कर्णावर पडली तर शून्य. सगळे कर्ण एकाच दिशेला असल्यामुळे एका हाताच्या वळणात उंचवटा चाकाच्या वाटेत येत होता, दुसऱ्या हाताच्या वळणात येत नव्हता. नवीन मेशमध्ये तुकडे लहान झाले तरी पिळाची सुरुवात नि शेवट तसाच अचानक राहिला होता.

उपाय दोन. एक, पीळ लांबवला. डोंगरी रस्त्यासाठी मानकात बाहेरची कड ६० मीटरला १ मीटरपेक्षा जलद उचलत नाहीत. ७ मीटर रस्त्याला १० टक्के म्हणजे ७० सेंटिमीटर उचल, त्याला ४२ मीटर लांबी लागते. दोन, पिळाच्या दोन्ही टोकांना हळूहळू सुरुवात दिली. टिल्टचे (आडव्या कलाचे) बिंदू निवडून स्मूद केले. कर्व्हची ट्विस्ट पद्धत ‘झेड-अप’ ठेवा. ‘मिनिमम’ ठेवली तर चढावर रस्ता आपोआप कलंडत जातो आणि कारण सापडत नाही.

आता १ मीटरच्या तुकड्यात, ८ पट्ट्यांत, तोच कर्णाचा फरक १ मिलिमीटरच्या आसपास येतो. भावानं परत चालवली. उडी गेली.

२० जुलै

बाहेरची कड कुठे किती उचललेली आहे हे घरी बसून कळत नाही. मोटरसायकल काढून कणकुंबीला गेलो. पावसाचा जोर होता, रेनकोट असूनही भिजलो. पण या कामाला पावसाळ्यासारखा दिवस नाही.

रस्त्यावरचं पाणी कल दाखवतं. सरळ भागात पाणी मधून दोन्हीकडं वाहतं, म्हणजे कॅम्बर. वळण जवळ आलं की बाहेरच्या बाजूचं पाणी थबकतं, डांबरावर पातळ थर साचतो, त्यावर थेंबांचे गोल उठत राहतात. ती शून्य कलाची जागा. तिथून दहा-वीस पावलं पुढं गेलं की सगळं पाणी तिरकं होऊन आतल्या गटाराकडं पळायला लागतं. एस वळणात पाणी एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं जाताना रस्ता ओलांडतं, तिथे कल उलटा होतो. या जागा पावलांनी मोजून वहीत मांडल्या; खुणेला जवळची मोरी, मैलाचा दगड, मोठं झाड. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. थांबायचं ते रस्त्याच्या बाहेर, गाड्यांच्या नजरेत येईल असं. धुक्यात घाटातली वाहनं अगदी जवळ आल्यावर दिसतात.

परतताना कणकुंबीत माउलीच्या देवळाशी थांबलो. मलप्रभेचा उगम इथलाच, उंची सुमारे ७९२ मीटर. माझ्या मॉडेलमध्ये गावाची उंची याच्या जवळ येते का ते घरी येऊन तपासलं, येते.

पेट्रोल आणि जांबोटीतला चहा-भजी धरून पाचशेच्या आत.

२४ जुलै

वहीतल्या खुणांप्रमाणे टिल्ट घातला. गेममधला रस्ता आज पहिल्यांदा ओळखीचा वाटला. वळणाआधी गाडी अंग टाकते ती जागा खऱ्या रस्त्यासारखी लागते.

२७ जुलै

केएस एडिटरचा दिवस. थोडक्यात, कुठे अडतं तेवढंच.

ज्या मेशवर चाक चालायचं तिचं नाव आकड्यानं सुरू व्हावं आणि पुढं रोड, ग्रास, वॉल यातला शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत. नाहीतर गाडी आरपार खाली जाते.

दिसणारा रस्ता आणि चालणारा रस्ता वेगळे ठेवा. चालणारा १ मीटर तुकड्यांचा, एडिटरमध्ये ‘रेंडरेबल’ काढून टाकलेला, म्हणजे पडद्यावर न दिसणारा. दिसणारा सरळ भागात विरळ चालतो. जुन्या कॉम्प्युटरला याचा मोठा आधार.

एका मेशमध्ये ६५,५३५ बिंदूंच्या वर जाता येत नाही. माझे ५४ हजार बसत होते, बाजूपट्टी जोडल्यावर बसेनात. चार तुकडे केले. तोडायचं ते पूर्ण आडव्या ओळीवर, आणि दोन्ही तुकड्यांचे बिंदू तंतोतंत एकाच जागी हवेत. एका सांध्यावर दोन सेंटिमीटरची फट होती, ताशी १०० ला ती दगडासारखी लागली.

आजूबाजूची जमीन काही ठिकाणी रस्त्यातून वर डोकावत होती. दिसायला बोटभर गवत, चाकाला पायरी. रस्त्याखालची जमीन कापून काढली आणि तिच्या कडेचे बिंदू रस्त्याच्या कडेला चिकटवले.

घाट म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं, फेरी नाही. त्यामुळे सुरुवात आणि शेवट यांच्या डाव्या-उजव्या एम्प्टी (नुसती जागा नि दिशा दाखवणाऱ्या खुणा) वेगळ्या नावांनी द्याव्या लागतात. गाडी उभी करायच्या एम्प्टीचा झेड अक्ष गाडीच्या तोंडाकडं, वाय वर.

३ ऑगस्ट

रस्ता गुळगुळीत, शीट स्वच्छ, सांधे बंद, तरी व्हीलमध्ये बारीक कंप. मेश उलटीपालटी करून बघण्यात दोन रात्री गेल्या. कारण सरफेसेसच्या फाइलमध्ये निघालं. तिथे प्रत्येक पृष्ठभागाला ‘साइन हाइट’ आणि ‘साइन लेंग्थ’ असे दोन आकडे असतात. मेश सपाट असली तरी गेम त्या मापाच्या लाटा चाकाखाली घालतो. गवताला ते हवं असतं. रस्त्याचा भाग गवताच्या भागाची नक्कल करून लिहिलेला, त्यामुळे लाटा तशाच राहिल्या होत्या. दोन्ही शून्य केले, ‘व्हायब्रेशन गेन’ही शून्य. कंप गेला.

मेशला हात लावायच्या आधी ही फाइल उघडा.

१० ऑगस्ट

मावसभाऊ म्हणाला, “आता लईच मऊ झालाय, चोर्ला वाटंना.” बरोबर आहे. खऱ्या रस्त्याला मोरीवर हलका उचका आहे, एका वळणाच्या तोंडाशी डांबराचं ठिगळ आहे. ते परत घातले, पण हातानं, मोजून: मोरीवर ८ मीटरमध्ये ३ सेंटिमीटर, ठिगळाला दीड सेंटिमीटर आणि कडा उतरत्या. आता रस्त्यात जो दणका आहे तो तिथे का आहे हे मला सांगता येतं. डेटातून आलेला एकही नाही.

१७ ऑगस्ट

आजची स्थिती. रस्ता पूर्ण, दोन्ही गाड्यांनी दोन्ही दिशांनी तपासलेला. गेम स्वतः चालवतो त्या एआय गाड्यांसाठी रेघ गाडी चालवून रेकॉर्ड केली. एक तीव्र वळण त्यांना अजून जमत नाही, तिथे आतली त्रिज्या मानकातल्या १४ मीटरपेक्षा थोडी कमी आली आहे, ती वाढवणार. कठड्यांना भिंतीची मेश लावायची राहिलीय, सध्या गाडी दरीत जाते.

पुढचा तुकडा जांबोटीच्या बाजूचा. त्यासाठी पाऊस असेपर्यंत आणखी एकदा जाऊन पाण्याच्या खुणा घ्यायच्या आहेत. कुणाला निपाणीजवळचा तवंदी घाट किंवा आंबोली करायचा असेल तर शीटचे चार रकाने आणि पिळाचा हिशेब जसाच्या तसा घ्या. उंचीचे बिंदू मात्र त्या रस्त्यावर स्वतः जाऊन ठरवा.